पास्टरसाहेबांची खुर्ची

४ जानेवारी, रविवार
जुन्या चर्चला आज कायमचा रामराम ठोकला. (ख्रिस्ती माणसाने हा शब्द वापरावा का, ते नंतर बघू.)
तिथल्या पाळकांनी सकाळी पुन्हा उंट आणि सुई काढली. सुईच्या नाकातून उंट जाईल, पण श्रीमंताचं स्वर्गात जाणं अवघड, वगैरे. डोकंच फिरलं. मी जन्मभर सोफे शिवले, आणि हे मला सुईबद्दल शिकवणार? सांगणाऱ्याच्या कोटाला कोपरावर ठिगळ!
संध्याकाळी नव्या मंडळीच्या, म्हणजे नव्या चर्चच्या, हॉलमध्ये गेलो. एसी, लाइट, माईक. पास्टरसाहेबांच्या सुटाला एक चुणी नाही. म्हणाले, आपला बाप राजा आहे, मग राजाच्या पोराने बसच्या रांगेत का उभं राहायचं? मी रांगेतूनच आलो होतो. अंगावर काटा आला.
संकल्प: गरिबीचं बोलणं बंद. रागावणं तर एकदमच बंद. वर्षअखेर गाडी. पांढरी.

६ जानेवारी
बायकोला सगळं नीट समजावलं. ही हॉटेलच्या लाँड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करते. घरी येते तेव्हा मोठ्या विचारांसाठी अंगात त्राण नसतं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, गाडी आली की आधी सिलिंडर भरून आणा.
हा टोमणा होता हे मला जेवताना कळलं. रागावलो नाही. ताट फक्त जरा जोरात ठेवलं.

११ जानेवारी, रविवार
आजचा विषय: पेरणी. देवाच्या कामात पेराल त्याच्या शंभरपट मिळणार. गॅरंटी. मात्र बी असं हवं की देताना दुखलं पाहिजे.
स्टेजवर पास्टरसाहेब प्लास्टिकच्या खुर्चीवर टॉवेल टाकून बसतात. मला बघवेना. सभेनंतर गर्दीत घुसलो आणि म्हणालो, साहेब, तुमच्यासाठी खुर्ची मी बनवणार. उंच पाठ, लाल मखमल. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "प्रभूने तुम्हालाच निवडलंय," म्हणाले. मग हळूच म्हणाले, हात टेकायला जरा रुंद ठेवा.
लाकूड, कापड, फोम, मजुरी, सगळं माझं. म्हणजे बी.

१३ जानेवारी
दुकानात माझा धाकटा भाऊ अर्धा भागीदार आहे. त्याने विचारलं, दादा, या खुर्चीचे पैसे कोण देणार? म्हटलं, स्वर्गातून येतील. तो म्हणाला, कुठल्या खिडकीवर?
हा मुलगा नालायक (खोडलं) अविश्वासी आहे. हातात हातोडा होता तरी मी शांत राहिलो. याची नोंद वर झाली असणार.

१७ जानेवारी
स्प्रिंगा कमी पडल्या. घरातली आरामखुर्ची उघडून तिच्या काढल्या. ही कामावरून आली की त्याच खुर्चीत बसते, पण नवी येईपर्यंत स्टूल आहे की. हिला म्हटलं, हा तुझ्याही नावचा वाटा समज. ही काही बोलली नाही. माझ्या मते, भारावली.
आज सोनेरी चुका ठोकल्या. बारीक खिळ्यांना आमच्या धंद्यात चुका म्हणतात. धाकटा म्हणाला, नाव बरोबर आहे.

२१ जानेवारी
दवाखान्यातून माणूस आला होता. पेशंट बसतात त्या बाकांना नवं रेक्झिन हवं होतं. मी नाही म्हणालो. पास्टरसाहेब सांगतात, छोटं काम धरणारा छोटाच राहतो. धाकटा इतका ओरडला की समोरचा चांभार उठून बघायला आला. मीही ओरडलो, पण माझा तो आत्म्याचा आवेश होता. दोन्हींत फरक आहे.

२५ जानेवारी, रविवार
विजय! खुर्ची पोचली. पास्टरसाहेब बसले. टाळ्या. मला स्टेजवर साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायला, बोलावलं. बोलण्याच्या भरात दुकानाचा पत्ता सांगायचा राहिला.
मी खाली उतरल्यावर पास्टरसाहेब माईकवर म्हणाले, काही लोक आपल्या हाताचं काम देतात, छान आहे, पण हात तर आपल्याजवळच राहतात ना? दुखलं कुठे?
माझ्याकडेच बघत होते.
रात्रभर राग. कुणाचा ते ठरेना. शेवटी स्वतःचाच आहे असं ठरवून झोपलो.

२८ जानेवारी
शिलाई मशीन विकलं. मोठं, जाड रेक्झिन लोण्यासारखं शिवणारं. सगळे पैसे पाकिटात घालून पास्टरसाहेबांच्या हातात दिले. दुखलं. उत्तम. आता शंभरपट म्हणजे शंभर मशिनं. एवढी ठेवायची कुठे? गाळा बघायला हवा.

२९ जानेवारी
धाकट्याने दुकान उघडलं आणि मला फोन केला. "दादा, मशीन कुठाय?"
मी पेरणी समजावून सांगितली. तो म्हणाला, "ते आपल्या दोघांचं होतं. बाबा गेल्यावर मी रात्रपाळ्या केल्या त्याच्या हप्त्यांसाठी. तुझा विश्वास तुझ्या अर्ध्या मशीनवर दाखवायचास."
अर्धं मशीन कुणी विकत घेतं का? व्यवहारज्ञान नाही.
मी दुकानात पोचलो तेव्हा त्याने आपली कात्री, पट्टी आणि बाबांचा हातोडा पिशवीत भरला होता. निघताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मागून जोरात ओरडलो, जा, जा, शंभर मशिनं आली की येशील! चांभार पुन्हा उठून बघायला आला.

८ फेब्रुवारी, रविवार
अजून काही आलं नाही. गिऱ्हाईकही नाही. धाकट्याने म्हणे दवाखान्याची बाकं घेतली, कुणाच्या तरी मशीनवर शिवतोय. छोटा माणूस.
सभेनंतर पास्टरसाहेबांना गाडीपाशी गाठलं. अदबीने विचारलं, साधारण किती दिवस लागतात? ते घड्याळ बघत म्हणाले, घरात कुणाचा तरी विश्वास कमी आहे. तिथे आशीर्वाद अडलाय. काच वर गेली.
लख्ख प्रकाश पडला! घरात आम्ही दोघंच.
वाटेत भाषण तयार केलं. घरात शिरलो ते ओरडतच. तुझ्यामुळे! तुझ्या टोमण्यांमुळे! मी पेरतो आणि तू उपटतेस!
ही ओट्यापाशी उभी होती. जेवणही उभ्यानेच चाललं होतं, स्टूलवर बसलं की पाठ भरून येते म्हणून. पाय सुजलेले. माझं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तुमचा देव श्रीमंत असेल. मी ज्याची प्रार्थना करते, त्याला डोकं टेकायला जागा नव्हती. आणि मला बसायला नाही."
यावर माझ्याजवळ चोख उत्तर होतं. लिहायला बसलो तर आठवत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
डोकं दुखत होतं. सभेला गेलो नाही. ही जुन्या चर्चला गेली, एकटी. पाळकांनी माझी चौकशी केली म्हणे. कशाला करतात? मी यांची करतो का?

२२ फेब्रुवारी, रविवार
आज सोक्षमोक्ष. पास्टरसाहेबांना सर्वांसमोर विचारणार: माझं मशीन परत द्या. माझा भाऊ परत द्या. भाषण तोंडपाठ केलं. यावेळी तो आवेश नव्हता, सरळ राग होता.
हॉलला कुलूप.
फाटकापाशी वॉचमन बसला होता. लाल मखमलीत! बूट काढून, पाय वर घेऊन. मी जे सुरू झालो ते थांबलोच नाही. अख्खं भाषण त्याला ऐकवलं. पेरणी, शंभरपट, हिचे पाय, धाकटा, सगळं. त्याने ते शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, ते लोक मोठ्या हॉलमध्ये गेले, कुठे ते मलाही सांगितलं नाही. साहेबांना नवी खुर्ची आली, पाठ चेपणारी. ही मला ठेव म्हणाले. त्यांना टोचायची.
टोचायची? माझी खुर्ची?
त्याला उठवलं आणि बसून बघितलं. डावी स्प्रिंग थेट माकडहाडात.
रडलो नाही. ऊन डोळ्यांवर होतं.
वॉचमनने विचारलं, तुम्हाला यातलं काम येतं का? येतं, म्हणालो. त्याने आतून पक्कड आणली. फाटकातच खुर्ची उलटी घातली, स्प्रिंग काढून नीट बांधली, फोम सरकवला. तो बसला आणि "आहाहा" म्हणाला. खिशातून एक नोट काढून माझ्यापुढे धरली. मी नको म्हणालो. म्हणजे म्हणणार होतो.
या वर्षातली पहिली कमाई.
घरी आलो तर ही नुकतीच चर्चमधून आली होती. तिने हात पुढे केला. मी नोट दिली. तिने ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि स्टूलवर बसून पाय चोळू लागली.
दशांश, म्हणजे कमाईतला देवाचा दहावा वाटा, काढायचा राहिला. आता हिच्याकडे मागायचा कसा? एवढा विश्वास माझ्यात नाही.