भावाचा कोंबडा

मसाका,
रविवार, ११ ऑगस्ट

चि. बोनिफास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू, तुझी बायको, लेकरं आणि ती लाथाडी गाय, सगळे खुशाल असाल असं मी धरून चालते, कारण सहा वर्षांत तू अवाक्षर कळवलेलं नाहीस. इकडे कॉफी बरी आली. शेळीला दोन पिल्लं झाली. आत्याला आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही, पण गावातले सगळे निवाडे तीच करते. पत्राला तसं खास कारण नाही.

मी इंग्रजी शिकते आहे. हस, हस! चर्चच्या हॉलमध्ये दुपारी म्हाताऱ्यांचा वर्ग भरतो. मास्तर ओग्वांग म्हणून आहे, उत्तरेकडचा, तरुण, गुणी पोरगा. आपली भाषा त्याला जेमतेम येते. दर आठवड्याला एक शब्द देतो आणि प्रत्येकानं उभं राहून आपल्या घरातलं वाक्य करायचं. मागच्या महिन्यात शब्द होता डिस्ट्रेसिंग. मनाला त्रास देणाऱ्या, काळजी लावणाऱ्या गोष्टीला म्हणायचा. झालं! गावाला खेळणंच मिळालं. रस्ता डिस्ट्रेसिंग, जावई डिस्ट्रेसिंग, पाद्रीबाबांचं प्रवचनसुद्धा डिस्ट्रेसिंग.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "कासिर्ये यांचा खोकला डिस्ट्रेसिंग आहे." कासिर्ये माझ्या शेजारच्या बाकावर बसतात. सायकली दुरुस्त करायचे ते, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मास्तर म्हणाला, "म्हणजे तुम्हाला त्याचा वैताग येतो?" मी म्हटलं, "वैताग कसला? काळजी वाटते. रात्री यांना काढा कोण देत असेल?"

तोंडातून निघून गेलं रे. बायकांनी असा गलका केला की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. मग कासिर्ये सावकाश उठले आणि म्हणाले, "या बाईंनी माझी काळजी करायचं थांबवलं, तर ते डिस्ट्रेसिंग होईल." मास्तरनं दोघांना पैकीच्या पैकी गुण दिले.

तर असं आहे. साठीला टेकले मी, पण रीत ती रीत. मागणी घालायला कासिर्ये आपली माणसं घेऊन येणार, मला हात धरून भाऊ पुढे आणणार, आणि भावाला कोंबडा मिळाल्याशिवाय लग्न पुरं होणार नाही. कोंबडा खरा कार्यातच द्यायचा. पण तू माझ्या नवऱ्याच्या मातीला दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली म्हणून जो उठून गेलास तो गेलास. (खुर्च्या चर्चच्या पोरांनी मांडल्या होत्या, बोनिफास. मी तेव्हा रडत होते.) म्हणून कासिर्ये म्हणाले, मीच आधी जातो, पाया पडतो, मन वळवतो.

वर्ग सुटला की तडक तुझ्याकडे यायचं म्हणून ते कोंबडा घेऊनच वर्गात आले. लाल, हा एवढा! सगळ्यांसमोर उंच धरून म्हणाले, "हा फेलिस्ताच्या भावाचा कोंबडा." मास्तरच्या टेबलाखाली बांधला आणि वर्ग सुटायच्या वेळी खोकला आला म्हणून पाणी प्यायला गेले. मास्तरला नेहमीच कुणी अंडी देतं, कुणी पपई. त्याला बिचाऱ्याला काय कळणार? त्यानं सगळ्यांचे आभार मानले, कोंबडा काखेत मारला आणि घरी गेला; आम्हाला वाटलं, बाहेर कासिर्येंच्या हातात देतोय.

दुसऱ्या दिवशी पोट चोळत म्हणतो, "रस्सा फार छान झाला होता." 

प्रकरण आत्याकडे गेलं. तिच्या कानात ओरडून ओरडून माझा घसा बसला. शेवटी म्हणाली, "चार लोकांत भावाचा म्हणून सांगितलेला कोंबडा ज्यानं खाल्ला, तो भाऊ." मी म्हटलं, "आत्या, मला सख्खा भाऊ आहे." तर म्हणे, "असेल तर येऊन बसू दे, दुसरा कोंबडा मागू दे. नाही आला, तर हा मास्तर बसेल. मग पुढे तुझं सुखदुःख, तुझ्या घरचे तंटे, तुझी माती, सगळं त्यानं बघायचं."

मला वाटलं पोरगा घाबरून पळेल. कसला पळतो! शेजाऱ्याचा कार्यात घालायचा लांब पांढरा झगा मागून आणला, इस्त्री केला, आणि काल दारात येऊन विचारतो, "ताई, मी कुठे बसायचं?" ताई म्हणाला रे. मी आत गेले आणि चुलीच्या धुरात तोंड धुऊन आले.

कार्य शनिवारी आहे. मटोक्याची हिरवी केळी मी स्वतः वाफवणार, शेंगदाण्याचा रस्सा करणार. कोंबडे कासिर्येंनी आणखी दोन आणून ठेवलेत, तुला आवडेल तो घे. मास्तर चांगला आहे, झगाही त्याला शोभतो. पण आईच्या एकाच पाठीवर दोघं वाढलो ते मी आणि तू. माझा हात धरून मला पुढे न्यायला मला तूच हवा आहेस. झालं, सांगून टाकलं. याहून जास्त विनवायला मला येत नाही.

शनिवारपर्यंत तरी तुझीच बहीण,
फेलिस्ता