रेल्वे फाटकाजवळची नोंद

प्रिय सूनबाई,

तुझं पाकीट गुरुवारी पोचलं. पत्र एक, ह्यांच्यासाठी लोकरीचे मोजे, माझ्यासाठी चष्म्याची दोरी आणि खर्चाला म्हणून घातलेल्या नोटा, सगळं नीट मिळालं. तिकिटं कमी पडली होती म्हणून पोस्टमनने दारातच वर बारा रुपये घेतले. मोज्यांची किंमत तू लिहिली नाहीस, म्हणजे महागच असणार. ह्यांनी ते लगेच पायात चढवले आणि आता धुवायलाही काढून देत नाहीत. म्हणतात, सुनेने मला पाठवलेत, तुझं काय जातं. तुझे पैसे गेले ते अर्जाच्या तिकिटांना, शोध फीला, बसभाड्याला आणि शपथपत्राच्या लिहिणावळीला. उरलेले देवापुढच्या डबीत आहेत, ते तुझेच.

आता कामाचं. तू लिहिलंस की माझ्या लेकाच्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल हवी, साधा दाखला चालणार नाही, पूर्ण उताराच हवा, आणि महिनाअखेरच्या आत हातात पडला नाही तर काम अडेल. कसलं काम ते लिहिलं नाहीस. दोन पानं भरून शिवणवर्गातल्या मुली, घरमालकिणीची मांजर, तुझ्याकडची थंडी, आणि मधेच या तीन ओळी. मी मनाशी म्हटलं, असेल बँकेचं काहीतरी. सहा वर्षांत तू आमच्याकडे काही म्हणता काही मागितलं नव्हतंस. तेव्हा अंत्यविधीपुरती एक चिठ्ठी मिळाली होती, त्यावर सगळं निभावलं. पुढे कागद ना कोणी मागितला, ना आम्ही आणायला गेलो. आता तू मागितलास, म्हणून दुसऱ्याच दिवशी पोळ्या झाकून ठेवल्या आणि निघाले.

आपलं जिल्हा कार्यालय तू पाहिलेलं आहेस. बाक तोच, एक पाय आखूड असलेला, कोणी उठलं की बाकीचे कलंडतात. मी जपमाळ काढून बसले. अर्जात नाव, साल आणि मृत्यूचं ठिकाण लिहायचं होतं. ठिकाणाच्या जागी मी मोठ्या हॉस्पिटलचं नाव लिहिलं आणि वर तिकीट चिकटवलं. कारकुनाने नाव वाचलं आणि अर्ज तसाच परत सरकवला. ते हॉस्पिटल नदीपलीकडे, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात, त्याची वही तिकडे, असं म्हणाला. तरीही मी हट्टाने इथलं सालभराचं दप्तर बघायला लावलं. काही निघालं नाही. फी परत मागितली तर किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारा शिपाई म्हणाला, आजी, फी शोधण्याची असते, सापडण्याची नसते. तेव्हा राग आला, पण बसमध्ये आठवून हसूही आलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, लग्नाच्या वेळी मलाही हेच सांगायला हवं होतं कोणीतरी.

मग नदीपलीकडे गेले. तिथल्या खिडकीत एक बाई होती, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. हळू बोलणारी. तिने महिना काढला, पुढचा काढला, मागचा काढला. नाही. मग तिने हॉस्पिटलच्या दप्तरखान्यात फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं, आणि खिडकी अर्धी लोटून बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली. सरकारी माणूस खुर्ची सोडून आपल्या बाकावर येऊन बसतो तेव्हा काय सांगणार ते आधीच कळतं. तिने सांगितलं की हॉस्पिटलने त्याला दाखल करून घेतलंच नव्हतं. दारात आणला तेव्हाच तो गेलेला होता. आणि मग म्हणाली, “जीव जिथे गेला तिथेच नोंद होते, आजी. तो नेमका कुठे गेला ते कळल्याशिवाय मी कुठली वही उघडू?”

सूनबाई, तुला आठवतं ना, कारखान्याचे मॅनेजर आपल्याकडे येऊन काय म्हणाले होते. कामावर छातीत कळ आली, हॉस्पिटलात नेलं, डॉक्टरांनी शर्थ केली, शांतपणे गेला. आपलं बरं व्हावं म्हणूनच ते तसं बोलले असतील, मी त्यांना दोष देत नाही. पण मी त्या बोलण्यावर सहा वर्षं जगले गं. पांढरी चादर, वर पंखा, कपाळावर हात ठेवणारी एक नर्स. तिचं नाव गाव ठाऊक नसताना रोज दिवा लावला की मी तिच्यासाठी देवाकडे मागत आले. तिच्या मुलाबाळांना सुखी ठेव म्हणून. ती नर्स नव्हतीच. त्या बाकावर बसून मला पहिलं वाटलं ते हे, की आता उद्यापासून मागायचं कोणासाठी.

कुठे गेला हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, कारखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर. गेटवरच्या पहारेकऱ्याने त्याचा पत्ता दिला. त्याने ती नोकरी सोडली आहे. आता सायकली दुरुस्त करतो, दुकान म्हणजे एक छप्पर आणि समोर पाण्याची घमेली. मी कोण ते सांगितल्यावर त्याने हातातली ट्यूब पाण्यातच सोडली, हात पुसले, मला स्टूल दिलं आणि स्वतः उकिडवा बसला. म्हणाला, कोणीतरी विचारायला येईल असं वाटायचं, पण कोणी आलं नाही.

त्याने सांगितलं ते तुला सांगावं की नको, याचा मी पुष्कळ विचार केला. पण ते जेवढं माझं तेवढंच तुझं आहे. गाडी नदीच्या अलीकडे रेल्वे फाटकाशी अडकली. फाटक बंद, मालगाडी संपता संपेना. आपला पोरगा मागे उठून बसला होता, घामाने भिजलेला, पण बोलत होता. त्याला एकच घोर लागला होता की जेवणाचा डबा मशीनजवळ राहिला. “आई ओरडेल, नवा डबा आहे,” असं दोनदा म्हणाला म्हणे. मधे एक नाव घेत होता. ड्रायव्हरला ते आठवेना. मी तुझं नाव सांगितलं तर लगेच म्हणाला, हो, हेच. चांगली माणसं अशा वेळी हो म्हणतातच, हे मलाही कळतं. पण मी ते खरं धरलं आहे आणि तूही धर. मग फाटक उघडलं, गाडी सुरू झाली, आणि ड्रायव्हरने आरशात मागे पाहिलं. तो आडवा झाला होता. तरीही ड्रायव्हरने गाडी हॉस्पिटलपर्यंत पळवली. मला म्हणाला, आई, मी कोण तो गेला म्हणून ठरवणारा?

मुलगा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस पदरची रजा टाकून त्या फाटकाच्या गावातल्या कार्यालयात गेला आणि त्याने नोंद करून घेतली. ना नात्याचा, ना गोत्याचा. आता रोज मी त्याच्यासाठी मागते.

गावोगावच्या वह्या जिल्ह्याला जात नाहीत, तिथेच राहतात. ते कार्यालय भाजीबाजाराच्या मागे, जिना चढून वर आहे. कापडात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत, आणि त्यांच्यामध्ये एक म्हातारे कारकून, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे. साल आणि फाटकाचं नाव सांगितल्याबरोबर त्यांनी गठ्ठा ओढला, धूळ झटकली आणि पान माझ्यासमोर धरलं. ठिकाण, रेल्वे फाटकाजवळ, वाहनात. खबर देणार, वाहनचालक. वैवाहिक स्थिती, विवाहित. पत्नीचं नाव, माहीत नाही. बिचाऱ्याला लग्न झाल्याचं तेवढं कळलं होतं, नाव घरी पोचेपर्यंत विसरला. मी म्हटलं, असं आहे तसं द्या, आम्हाला उतारा हवाय. तर कारकून म्हणाले की पत्नीच्या रकान्यात नाव नसेल तर हा उतारा तुमच्या सुनेच्या काही कामाचा नाही. रक्ताच्या नातेवाइकाने शपथेवर सांगितलं तर नाव चढवता येतं.

तुला माहीत आहे, वाण्याशी तराजूवरून भांडण झालं तरी मी देवाची शपथ घेत नाही. त्या दिवशी साहेबासमोर उभी राहून घेतली. माझ्या मुलाचं हिच्याशी लग्न झालं होतं, ही त्याची बायको, ती माझी सून आहे आणि मला त्याबद्दल कसलीही शंका नाही. शपथपत्र लिहिणारा तुझं नाव टंकायला निघाला, त्याला थांबवलं आणि मी माझ्या हाताने लिहिलं. मॅट्रिकला माझ्या अक्षराला बक्षीस होतं, ते इतक्या वर्षांनी कामी आलं.

शिक्का मारता मारता कारकून सहज म्हणाले, “लग्नाच्या नोंदणीसाठी ना? पत्नीच्या नावासकट पूर्ण उतारा तेवढे तेच मागतात, पहिला नवरा वारला असेल तर.” आणि वर, चांगलं केलंत आजी, सासरची माणसं सहसा स्वतः येत नाहीत. मी हो म्हटलं. मला जसं घरून निघतानाच माहीत होतं, तसं म्हटलं. उतारा पदराखाली धरून जिना उतरले आणि खाली भाजीवालीजवळ काही न घेता उभी राहिले. ती विचारत होती, काय देऊ, काय देऊ, आणि मला एका भाजीचं नाव सुचेना.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांनी उतारा दोनदा वाचला. मग म्हणाले, त्या ड्रायव्हरने तेव्हा नोंद केली म्हणून बरं, नाहीतर आपली पोर अडकून पडली असती. एवढं बोलून परसात गेले आणि विहिरीकडे तोंड करून उभे राहिले.

उतारा सोबत पाठवते आहे, रजिस्टरने. तो एकटाच पाठवला असता तरी तुझं काम झालं असतं. पण मला कळलंय हे तुला कळावं, म्हणून हे पत्र लिहिलं. लपवलंस याचा राग नाही पोरी. कसं सांगावं ते तुला सुचलं नसेल, मलाही सुचलं नसतं. मी रडले, ते खोटं कशाला सांगू. त्या वहीत मी तुला त्याची बायको म्हणून चढवलं ते तुला त्याच्यापासून सोडवण्यासाठी, हे समजायला मला जिना उतरावा लागला. अर्जात एक रकाना असतो, अर्जदाराचं नातं काय. यावेळी मी न थांबता लिहिलं. पुढे कधी तुझ्यासाठी कुठे अर्ज करायची वेळ आली तर तिथे काय लिहू, ते मला खरंच माहीत नाही. तू एकटीने आयुष्य काढावंस असं मी देवाकडे कधी मागितलं नाही, मागणारही नाही. ज्यांच्याशी लग्न ठरलंय त्यांचा स्वभाव कसा आहे, तुला हसवतात का, तेवढं लिही. तुझे आईवडील नाहीत, आणि नोंदणीला तुझ्या बाजूने साक्षीला कोणीतरी लागेल. परक्या कोणाला आणू नकोस. दिवस कोणता ठरला, साक्षीला माझी सही चालेल का, आणि मी आलेली त्यांच्या घरच्यांना जड जाणार नाही ना, हे उलट टपाली कळव.

तुझीच, हाक बदलू नकोस एवढंच सांगणारी,
आई