दोघांपुरतं घर

१२ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. पाच वर्षं जिल्हा परिषद गाजवलेल्या माणसाने रोज चार ओळी लिहाव्यात, एवढंच. राजकारण सोडलेलं नाही. उसंत घेतलीय.

तेजश्रीचा फोन होता. फ्रान्समधल्या तिच्या शहरापासून दोन तासांवर एक खेडं आहे. तिथे सुट्टीसाठी अख्खी घरं भाड्याने मिळतात. मे महिन्यात आई आणि तुम्ही पंधरा दिवस या, घर तुम्हीच पसंत करा, मी फोटो पाठवते, म्हणाली. खर्च तिचा. लगेच हो म्हटलं. तर म्हणते, आप्पा, आधी आईला विचारा.

त्यात विचारायचं काय? बायकोला सरप्राइज द्यायचं ठरवलं.

वनमाला सध्या नांदूरघाटला, भावाकडे, शहादेवकडे. दिवाळीच्या आधी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दवाखान्यातून परस्पर तिकडेच गेली. चार-आठ दिवस आरामाला. जरा लांबलंय.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ द्यायला माणसं कमी आली. थंडी फार.

घर नंबर एक पाहिलं. दगडी, तीन मजली, वर द्राक्षाचा वेल. नापास केलं. जिना अरुंद. शिवाय पुढे ओटा नाही. माणसं भेटायला आली तर बसवायची कुठे? तेजश्रीने विचारलं, तिथे कोण येणार आहे तुम्हाला भेटायला? पोरीला अनुभव नाही. माणूस कुठेही गेला तरी माणसं येतातच.

तिथल्या गावाचं नाव मात्र विचित्र. लिहितात एक, वाचतात एक. निम्मी अक्षरं कायम रजेवर.

२० जानेवारी
घर नंबर दोन. उत्तम! दहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, मोठा हॉल. तात्काळ पसंत केलं. तेजश्रीने फोनवरच खुर्च्या मोजल्या. मग म्हणाली, आप्पा, दोघं आहात तुम्ही. दोन. तिने त्या साइटवर काहीतरी बटण दाबलं आणि सगळी मोठी घरं गायब झाली. उरली ती एवढी-एवढीशी.

तानाजीला फोटो दाखवले. हा माझा जुना कार्यकर्ता, गाडीही तोच चालवतो. तो म्हणाला, साहेब, वैनींना डोंगर आवडतो का समुद्र? मी म्हटलं, मला जे आवडतं तेच तिला आवडतं. छत्तीस वर्षांत एकदाही मतभेद नाही. तानाजी गाडीच्या आरशात बघत राहिला.

२ फेब्रुवारी
सकाळी केजला एका लग्नाला गेलो होतो. परत आलो तर स्वयंपाकाच्या गीताबाई म्हणाल्या, शहादेवभाऊंच्या घरच्या आल्या होत्या, ताईंचे कपडे नेले. दोन मोठ्या बॅगा. कपाट उघडून पाहिलं. खालच्या कप्प्यात एक जुनी शाल आणि दोघांचे पासपोर्ट. बाकी साफ.

म्हणजे तेजश्रीने गुपित फोडलेलं दिसतंय. बाईने आतापासूनच पॅकिंग सुरू केलं! तिचा स्वभावच तसा, सगळं वेळेआधी.

शाल राहिली हे बरं झालं. तिथे थंडी असणार.

९ फेब्रुवारी
वनमाला का येत नाही याचा उलगडा झाला. तानाजी नांदूरघाटला पाहुण्यांकडे गेला होता. त्याने सांगितलं, तिथल्या शाळेत ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं हंगामापुरती राहतात, त्यांचा संध्याकाळचा स्वयंपाक वैनी बघतात. लेकरं मोठीआई म्हणतात म्हणे.

मन मोकळं झालं. उगाच शंकाकुशंका. (मला नव्हत्या. लोकांना होत्या.) एप्रिलमध्ये हंगाम संपणार, तोडवाले परतणार, लेकरं आपापल्या घरी जाणार आणि ही मोकळी. मेमध्ये विमान. वेळापत्रक इतकं चोख बसलंय की मीच आखल्यासारखं वाटतं.

एक मात्र कळलं नाही. इथे तीस वर्षं कार्यकर्त्यांचा स्वयंपाक करून दमले म्हणायची. मग तिथे कसं जमतं?

१६ फेब्रुवारी
घर नंबर पाच. सगळं चांगलं, पण शेगडीवर काच बसवलेली. तिच्यावर भाकरी कशी फुगणार, असं मी तेजश्रीला विचारलं. तिने उलट विचारलं, आईने तिथेही भाकरी करायच्या का? मग कोण करणार? पण माझं मन मोठं आहे. म्हटलं, एकच वेळ करू दे. दुसरी वेळ ब्रेडवर भागवू.

तेजश्रीने फोन ठेवला. तिकडे नेटवर्क कमकुवत असावं.

संकल्प: तिथे सकाळचा चहा मी करणार. आज सराव केला. निम्मा उतू गेला, उरलेला बरा होता. गीताबाईंनी विचारलं, ताई साखर किती घेतात? मी म्हटलं, बेताची. अंदाजाने सांगितलं. नंतर बराच वेळ आठवत बसलो.

१ मार्च
घर ठरलं! एक खोली, एक छोटं स्वयंपाकघर, मागे अंजिराचं झाड. खिडकीची कड इतकी रुंद की माणूस पाय वर घेऊन बसेल. खोलीत पलंग एकच. पांढरी चादर, दोन उशा.

आमच्याकडे मी पुढच्या खोलीत झोपतो. फोन रात्री-अपरात्री वाजायचे, तिची झोपमोड नको म्हणून. आता फोन वाजत नाहीत तरी सवय ती सवय. तो फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला. मग तेजश्रीला कळवलं, हेच घे.

तिने परत तेच विचारलं. आईला विचारलं का?

म्हटलं, सगळं ठरलंय.

१४ मार्च
घरमालकीण म्हातारी बाई आहे. येणाऱ्या पाहुण्यांबद्दल चार शब्द कळवा म्हणाली. मी तेजश्रीला फोनवर मजकूर सांगितला: मोहनराव, माजी सदस्य, जिल्हा परिषद, माजी अध्यक्ष, विविध कार्यकारी सोसायटी, तेलगावातल्या दोन सभामंडपांचे प्रेरणास्थान. असं पाऊण पान. पत्नी वनमाला, गृहिणी.

तेजश्री म्हणाली, आईबद्दल आणखी काही?

विचार केला. म्हटलं, एवढं पुरे, बाईला कंटाळा यायचा.

आज धुळवड. कोणी रंग लावायला आलं नाही. शर्ट वाचला.

२० मार्च
न राहवून वनमालाला घराचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले. खाली काही लिहिलं नाही. सूचक. दहा मिनिटांत अंगठा आला! होकार. छातीवरचं ओझं उतरलं. नव्हतंच म्हणा.

दुपारी तेजश्री म्हणाली, आप्पा, आईला वाटलं तुम्ही कुठलं तरी फॉरवर्ड पाठवलंय. सगळ्यांना अंगठाच देते ती.

पण फोटो पाहिले तर खरे. आवडले म्हणूनच अंगठा दिला ना?

३० मार्च
पाडवा. गुढी मी आणि तानाजीने उभी केली. थोडी कलली. वारा.

शहादेवला शुभेच्छांचा फोन केला. वनमाला कुठे विचारलं. लेकरांसाठी पुरणपोळ्या करतेय म्हणाला. मग म्हणाला, "दाजी, येक बोलू का? आपरेशनच्या दिवशी तुमी यायला पायजे व्हतं."

किती महिने तेच दळण! मी त्या दिवशी तीन वेळा फोन केला होता. सर्जन माझ्या ओळखीचे. सभा आधीच ठरलेली. मी बाहेर बाकावर बसून टाके थोडेच घालणार होतो?

शहादेव म्हणाला, "तिला गुंगीतून जाग आली तवा तिनं पयलं तुमचंच नाव घेतलं. मी म्हनलं, येत्यात. लई येळ दाराकडं बघत व्हती."

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पुरणपोळी गीताबाईंनी केली होती. खाल्ली नाही. पोट ठीक नव्हतं.

८ एप्रिल
तोडवाले परतले! काल संध्याकाळपासून चौकातून गाड्या जाताहेत. वर भांडीकुंडी, कोंबड्या, माणसं. इतका आनंद निवडून आलो तेव्हाही झाला नव्हता. शाळेतला स्वयंपाक बंद झाला असणार. आता आज-उद्या.

तिच्या खोलीत पंखा पुसून घेतला.

१३ एप्रिल
आज-उद्या झालं नाही. आवराआवर असेल. भांडी मोजून परत करायची, वगैरे. सरकारी कामाला वेळ लागतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

१५ एप्रिल
व्हिसाची तारीख आली. पुढच्या आठवड्यात पुण्याला दोघांनी जायचं, बोटांचे ठसे द्यायचे. ठसे अंदाजाने देता येत नाहीत. तेजश्री म्हणाली, आता तरी विचारा आप्पा. तिचा आवाज रडवेला वाटला. सर्दी असेल.

संकल्प: परवा स्वतः जायचं. सूचक वगैरे काही नाही. सरळ विचारायचं. भाषण मनात तयार आहे. सुरुवात, मुद्दे, समारोप.

१७ एप्रिल, संध्याकाळ
जाऊन आलो.

जसं झालं तसं लिहितो.

शहादेवच्या शेतातल्या घरी ती एकटीच होती. दारातल्या कडुलिंबाखाली पोत्यावर बसून शेंगा फोडत होती. एकही लेकरू नाही. कुणाचा स्वयंपाक नाही, काही काम नाही. बारीक झालीय, पण चेहरा चांगला दिसला. "या," म्हणाली. पाणी दिलं. तानाजी गाडीतच बसला.

भाषणाची सुरुवात आठवली नाही. फोन पुढे केला. तिने हात पुसून एकेक फोटो नीट पाहिला. अंजिराचं झाड पाहिलं. खिडकीपाशी थांबली. "ही जागा झ्याक हाय," म्हणाली. "हितं बाईमानूस निवांत बसंल."

मला जोर आला. म्हटलं, मग येशील का? मेमध्ये, पंधरा दिवस. तू आणि मी.

असं मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच विचारत होतो, हे विचारताना लक्षात आलं. तिच्याही आलं असावं. ती थोडी हसली.

"जावा तुमी," म्हणाली. "तेजूला बरं वाटंल."

का गं, विचारलं. लेकरं तर गेली.

"लेकरांसाटी थोडीच ऱ्हायले व्हते मी?"

मी म्हटलं, चिडलीस का? ऑपरेशनचं मनात आहे का?

"व्हतं. आता न्हाई." ती शेंगा फोडायची थांबली. "तुमी वाईट न्हाईत. पर मला भ्या वाटतं. आपल्या घरात सदा मानसं व्हती, म्हून कळलं न्हाई. तितं पंधरा दिवस दोघंच. काय बोलायचं आपुन?"

मी हजारांच्या सभा केल्यात. कागद न घेता तासभर बोलतो. मी तोंड उघडलं आणि तिला तेलगावच्या रस्त्याचं सांगायला लागलो. सिमेंटचा होणार, रुंदी वाढणार, मधे दुभाजक, बाजूने नाली. ती ऐकत होती. मान हलवत होती, पूर्वी कार्यकर्ते बसलेले असताना दारातून हलवायची तशी. बोलता बोलता माझाच रस्ता संपला.

लिंबाची पिवळी पानं पडत होती.

निघताना म्हटलं, घरी कधी येशील? ती म्हणाली, "मी आता हितंच ऱ्हाते." रागाने नाही. ऊन फार आहे, टोपी घाला म्हणावं, तसं.

शेंगदाण्याची पिशवी दिली. घेतली.

गाडीत तानाजी म्हणाला, काय म्हनल्या वैनी? मी म्हटलं, डॉक्टर विमानाला नको म्हणतात. तो बरं म्हणाला आणि गाडी काढली. धारूरच्या घाटात त्याने न विचारता गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून उभा राहिला. माझ्याकडे पाठ करून. मला सावरायला थोडा वेळ लागला.

१९ एप्रिल
तेजश्रीला फोन केला. घर रद्द कर म्हटलं. तिने कारण विचारलं नाही. म्हणाली, आप्पा, तुम्ही एकटे या ना, माझ्याकडेच राहा. मी म्हटलं, मला इथून हलता येत नाही बाई, दिवसभर माणसांची ये-जा असते.

मग ओट्यावर येऊन बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो. कुणी आलं नाही.