नाराज नस आणि मामाचा मान

ति. सौ. हौसाताईस,

केसरीनाथचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच गोड मानून घे. खरोखर घातला तर मला उठवायला दोन हमाल लागतील.) अंबाडीला सगळी बरी असतील, भावजींची शुगर ताब्यात असेल. फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस, आधी रडतेस, म्हणून लिहितोय. मेघालीला मांडवात आणायचा मामाचा मान प्रितेशला दे. चुलत असला तरी मामाच हाय, आणि त्याचे दोन्ही पाय त्याचं ऐकतात.

माझं विचारशील तर मणका एकदम फर्स्टक्लास. दीड वर्षापूर्वी राहनाळच्या गोडाऊनवर हमालांना गोणी कशी उचलतात ते दाखवायला गेलो (गोणी जागेवर राहिली, मलाच उचलून न्यावं लागलं), तेव्हा सरकलेल्या चकतीचं ऑपरेशन झकास झालं. पण तिच्याखाली चेंगरलेली नस कायमची दुखावली. डाव्या पायाला पंख्याचा वारा लागला तरी आग होते आणि खिळा टोचला तरी पत्ता लागत न्हाय. डॉक्टर म्हणाले, "नस नाराज है." झालं! तुझ्या भावजयीने, चंद्राने, ते मनावरच घेतलं. नारळ उतरवला, दृष्ट काढली, शेवटी माझ्या पोटरीला हळदकुंकू लावून म्हणाली, "बाय, आता राग सोड." (मी नाराज झालो तर ही बाई साधा चहा विचारत न्हाय.)

परवा तर कहर झाला. मोहिउद्दीनशेठकडे चहाला गेलो होतो. निघताना दारातल्या चपला घातल्या आणि काठी टेकत भर बाजारातून रुबाबात आलो. माणसं वळून वळून बघत होती. मला वाटलं, माझी प्रगती बघून कौतुक वाटतंय. दोघातिघांना हातही केला. घरी चंद्राने बघितलं तर उजव्या पायात माझी चप्पल आणि डाव्या पायात शेठच्या माजिदाभाभींची, सोनेरी टिकल्यांची! माझी रोज गळून पडते, ही घट्ट होती म्हणून घरापर्यंत टिकली. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. मग मोरीत जाऊन रडलो, ताई. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

तर हे ध्यान चारशे पाहुण्यांत नको. मी आडवा झालो तर नवरीही पडेल, आणि व्हिडिओवाला तेवढंच पुन्हा पुन्हा दाखवेल. प्रितेशलाच सांग.

तुझा भाऊ,
केसरीनाथ

ता. क. : प्रितेशला लगेच सांगू नकोस. चार दिवस थांब.

आणखी एक ता. क. : अजिबातच सांगू नकोस. मेघाली झाली तेव्हा दवाखान्यातून तिला घरी कोणी आणली? प्रितेश तेव्हा क्रिकेट खेळत होता. तीन आठवडे मी अंगणात चालायची प्रॅक्टिस करतोय. नवरी म्हणून चंद्राला उभी करतो, ती लाजायचं सोडून शिव्या देते. पट्ट्याचे बूट घेतलेत. नवरीच्या खोलीपासून मांडवापर्यंत पावलं किती, ते तेवढं मोजून कळव.

शेवटचा ता. क. (भावजींना दाखवू नकोस) : मेघालीला सांग, माझा हात घट्ट धर. आणि भटजींच्या कानात सांगून ठेव, माईकवर पुकारताना थोडं उलटं म्हणा : "मुलीने मामाला घेऊन यावे."