मागच्या सीटवरचं हसू

४ एप्रिल

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवीन पाखरं आली आहेत. त्यातल्या एका बाईंनी माझी चांगलीच करमणूक चालवली आहे. क्लच असा सोडतात की गाडी टुणकन उडी मारते आणि बंद पडते. मी त्यांचं नाव ठेवलंय बेडूकबाई. मागच्या सीटवर पुढच्या पाळीची तिघं बसलेली असतात. बाईंनी गिअरला हात लावला की मी मागे वळून सांगतो, धरून बसा, तळं आलं! लगेच हशा पिकतो. बाई स्वतःही हसतात, तेव्हा रागावण्याचं काही कारण नाही.

भावजींच्या डोळ्यांचं काय ते कळव. लोभ आहेच, तो वाढवायची जबाबदारी तुझी.

तुझा धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचनालयात उघडलं आणि फसले. तिथे शांतता राखा अशी पाटी मीच लावली आहे, आणि मीच टेबलावर डोकं टेकून हसत होते. मग सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचा शिपाई तर आता कपाट उघडतानाही टुणकन उडी मारतो. बेडूकबाईंचं पुढे काय झालं ते लिहीच.

ह्यांना डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची बंदी केली. दर आठवड्याला दवाखान्यात जायचं तर शेजाऱ्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. ते ह्यांना फार लागतं. मी मनात एक ठरवलंय, जमलं की सांगेन. लोभ असू दे आणि खोड्या कमी कर.

तुझी ताई

२ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

जमलं नाही, म्हणून सांगते. ह्यांना मीच दवाखान्यात न्यावं म्हणून गाडी शिकायला लागले होते. इथल्या मास्तरांनी माझं नाव ठेवलं ब्रेकआजी, कारण समोर चिमणी दिसली तरी मी ब्रेक दाबते. मागची पोरं हसायची. मीही हसायचे. हसले नसते तर सगळ्यांसमोर रडले असते रे. परवा भर रस्त्यात उतरले आणि चालत घरी आले. ह्यांना सांगितलं की मास्तर आजारी आहेत.

वाटेत तुझं पत्रच डोक्यात घोळत होतं. तुला तरी काय बोलू? लिहिलंस तू, पण वाचून दाखवलं मी. आता शिकणं बंद.

तुझी ताई

९ मे

ती. ताईस,
कुठल्या तोंडाने नमस्कार लिहू?

त्याही हसतात, असं किती ऐटीत लिहिलं होतं मी. त्या बाई पंधरवडाभर आल्याच नव्हत्या, आणि मी मागच्यांना सांगत होतो की तळ्यात गेल्या. तुझं पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं, माझी माफी नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या की राग नाही, पण क्लचवर पाय ठेवला की आधी हसू ऐकू येतं, मग इंजिन. गाडी विकायला काढली आहे म्हणाल्या. मी बरं म्हणून उठलो.

आता गाडीत एकालाच घेतो, बाकीचे ऑफिसात थांबतात. मालक कुरकुरतात. खरं सांगतो, मलाही करमत नाही, लोकांना हसवायची चटक लागली होती. तू मात्र सोडू नकोस. पुढच्या रविवारी येतो आणि तोंडाला कुलूप लावून शेजारी बसतो. लोभ ठेव म्हणायची हिंमत होत नाही.

तुझा धाकटा

१८ मे

बाईंना,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र आणून देणारा माझा धाकटा भाऊ. त्याने तुम्हाला ठेवलेलं नाव मी इथे लिहिणार नाही, पण ते माझ्याही तोंडात होतं. तुम्हाला कधी पाहिलंही नाही, तरी तुमच्यावर पोट धरून हसले आणि साऱ्या वाचनालयाला हसवलं. त्याची फार लाज वाटते.

मीही शिकते आहे. काल तो शेजारी बसला होता. गाडी कितीदा तरी बंद पडली, आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला. बोलायची त्याला एवढी उबळ आली होती की त्याचे कान लाल झाले होते. दवाखाना अजून लांब आहे, पण चौकापर्यंत पोचले. घरी येऊन ह्यांना सगळं खरं सांगितलं.

त्याला माफ केलं नाहीत तरी चालेल, मलाही करू नका. पण गाडी विकू नका.

आपली,
त्याची मोठी बहीण