उजव्या नळीतलं काडतूस

१२ नोव्हेंबर १९३४, सोमवार
तुकारामकडे जाऊन आलो. आज भिंतीला टेकून बसला होता. मांडीची जखम भरते आहे. वैद्य म्हणतात, पौषात चालू लागेल. आमचा सालदार तो, काकांच्या शिकारीत कायम त्यांच्या मागे असायचा. शेजारी जमले होते, त्यांना पुन्हा तीच हकिगत: "मालकानं चाप ओढला, पण बार फुसका निघाला. काकासायबाच्या वक्ताचं काडतूस, ओल धरली असन." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. लाज वाटली.

खरं काय ते इथे तरी लिहितो. दिवाळीआधीची गोष्ट. रानडुक्कर ज्वारीतून बाहेर आलं, वीस पावलांवर. थोरली माझ्या खांद्याला. (थोरली म्हणजे काकांची दुनळी रायफल, पाचशे सत्त्याहत्तर बोरची. काका गेले आणि लायसन माझ्या नावावर झालं.) आणि मी चाप ओढलाच नाही. बोट हलेना. दसऱ्याला पहिला बार काढला तेव्हा तिने लाथ मारली होती, आठ दिवस खांदा जांभळा. तेच मनात. डुक्कर माझ्यावर येत होतं, तुकाराम काठी घेऊन मध्ये पडला.

डुक्कर अजून नाल्यातच आहे. बाया त्या बाजूची ज्वारी कापायला जात नाहीत.

१५ नोव्हें., गुरु.
चिखली. बाजाराचं निमित्त. रहीमचाचांकडे ते 'फुसकं' काडतूस दाखवायला नेलं. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. काडतूस वेगळं राहावं म्हणून लाल दोरा बांधून ठेवला होता. का नेलं कोण जाणे. बहुतेक त्यांनीही "ओल धरली" म्हणावं अशी आशा.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, काडतुसाचा बुडखा, घोडा जिच्यावर आपटतो ती टिकली पाहिली. "भाऊ, टिकलीवर तं घोडा पडलाच नाही. फुसका निघाला असता तं इथं ठोका दिसला असता."

चाचांनी चहा मागवला, आणि काही झालंच नाही अशा सुरात म्हणाले, "मोठी रायफल हाय. भल्याभल्याले भेव वाटते. ढिली धरली तं मारते, खांद्याशी घट्ट घेतली तं नुसती ढकलते. ढकलू द्या तिले. एक पाय मांगं गेला तं जाऊ द्या."

आणि एक तोड सांगितली. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या खोळी घ्यायच्या. दुसऱ्या कोणी तरी नळीत भरायचं, कधी खरं, कधी रिकामं. आपल्याला सांगायचं नाही. "भेव कुठं बसलं हाय ते दिसून जाईन."

१६ नोव्हें.
दुसरं कोणी म्हणजे कोण? गड्यांना सांगितलं तर गावभर. शेवटी सौ.ला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. नाही हसली. तुकारामचं ऐकून डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "मी भरून देते. तुम्ही तिकडे तोंड करा."

१८ नोव्हें., रवि.
टेकडीखालच्या खदानीत. निशाण म्हणून जुनं टोपलं. खरी काडतुसं चौदाच. भ. = भरलेलं, फु. = फुसकं, म्हणजे रिकामी खोळ.

फु. फु. भ. फु.

पहिल्याच फुसक्याला उघडा पडलो. घोडा 'टक्' करून पडला आणि बिनधक्क्याची नळी आपोआप जमिनीकडे वाकली. डोळे घट्ट मिटलेले. सौ. म्हणाली, "लाथ बसायच्या आधीच तुम्ही मार खाता." आणि मग, "आंतरपाट धरला तेव्हाही असेच डोळे मिटून उभे होते."

भ. ला खाली बसलो. खरोखर बसलो. टोपलं शाबूत.

२१ नोव्हें.
फु. भ. फु. फु. भ.
खांद्यावर हळद-तेल. दुसऱ्या भ. ला पाय मागे गेला, पण उभा राहिलो. चाचांचं 'घट्ट' आज कळलं. इतके दिवस लांब धरत होतो, विंचू उचलल्यासारखी. मधे जागा मिळाली की ती जोराने येणारच.

तुकारामकडे भाकरी-वांगं पाठवलं. खदानीतले बार तिथवर ऐकू जातात. निरोप आला: "मालकाले म्हणा, आवाज चांगला हाय."

२४ नोव्हें., शनि.
आज काही तरी झालं. फु. वर नळी हलली नाही. सौ. म्हणाली, "डोळे उघडे होते." पुढचं भ. निघालं. बार झाला, धुराचा लोट, आवाज टेकडीवर आपटून परत आला, बोरीवरचे सगळे पोपट उडाले. थोरलीने मला दोन पावलं ढकललं आणि मी चक्क हसत होतो! छातीत आतपर्यंत हादरलं, पण बरं वाटलं. काका म्हातारपणीही हिला का सोडत नव्हते, ते आज समजलं. लगेच आणखी एक उडवावासा वाटला. टोपल्याचा काठ गेला.

२७ नोव्हें.
भ. फु. भ. टोपल्याला मधोमध भोक. सौ. ने ते घरी आणून चुलीशेजारी ठेवलं. विचारलं तर म्हणते, "असू द्या."

मग म्हणाली, "मला एक." नको म्हणत होतो, ऐकते थोडीच. मी पाठीशी उभा राहिलो. बार झाल्यावर दोघं एकदमच मागे आलो. पदर सावरत म्हणाली, "एवढंच?" खांदा मात्र आता चोळून घेते आहे.

३० नोव्हें.
खरी सात उरली. आणि ते दोरा बांधलेलं. रोज डबा उघडला की तेच आधी दिसतं.

२ डिसेंबर, रवि.
दुपारी लिहितो. सकाळी नाल्याकाठी डुकराने जमीन उकरल्याची ताजी खूण दिसली. ज्वारी आता आठ दिवसही थांबायची नाही. दिवस कलताना बसणार आहे, एकटाच.

आधी तुकारामकडे गेलो. दोरा बांधलेलं काडतूस त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "टिकलीला ठोका नाही. मी चाप ओढलाच नव्हता."

"मले तवाच समजलं होतं. घोडा पडल्याचा आवाज नाही आला."

"मग लोकांना ते सगळं का सांगत बसलास?"

"मंग काय गावाले तुमच्यावर हसू देतो?"

त्याच्या मांडीकडे बघवेना. काडतुसावर बोट ठेवून म्हणालो, "उजव्या नळीत आज हेच घालतो. उडालं की चावडीवर सगळ्यांना सांगणार, हेच ते काडतूस म्हणून. मी भ्यालो होतो म्हणून."

त्याने काडतूस उचललं, तळहातावर तोललं. दोरा नखाने सोडला. बराच वेळ टिकली बघत राहिला. मग माझ्या हातात देऊन म्हणाला,

"मंग मालक, आज मले खोटं पाडा."