तीन महिन्यांची गोळी

आबा, काल माझ्या हृदयाची सोनोग्राफी झाली. अंधाऱ्या खोलीत कुशीवर पडून मी पडद्याकडे पाहत होते. राखाडी धुक्यात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं, आणि ते माझंच आहे हे खरं वाटत नव्हतं. डोळे जड झाले. मशीनचा सळसळता आवाज ऐकता ऐकता मी सकाळच्या मार्केट यार्डात पोचले. तुमचा फुलांचा गाळा, ओल्या गोणपाटावर झेंडूचे ढीग, आणि तुम्ही माझ्या नाकापाशी गुलछडीची काडी धरून म्हणताय, "डोळं मिटून सांग, आजची हाय का कालची?" मी कायम चुकायची.

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर अशाच एका खोलीत तुमच्या हृदयात गुठळी सापडली होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. हृदयाचं टोक नीट हलत नाही, तिथं रक्त साचून गोठतं, तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. रक्त पातळ करायची गोळी तीन महिने, मग पुन्हा तपासणी, आणि मगच पुढचं ठरवू, असं ते म्हणाले. तेव्हापासून स्वयंपाकघरात माझं राज्य आलं. पालेभाजी कमी-जास्त झाली की गोळीचा असर बदलतो, म्हणून तुमच्या ताटातली जास्तीची मेथी मी काढून घ्यायची. "जन्मभर मेथी खाल्ली, आता तिला भ्यायचं," एवढंच म्हणून तुम्ही भाकरी मोडायचात. पाट्या उचलून दंडावर निळे डाग पडत. दात घासताना रक्त येई. सारखं रक्त तपासायला तुम्हाला नेऊन मीही कंटाळले होते.

त्या सकाळी मी ऑफिसला निघाले होते, हेल्मेट घालत होते. तुम्ही फाटकापाशी आलात. "पोरी, तीन महिनं झालं. बंद करू का गोळी?"

"करा," मी म्हणाले. "तपासणी आहेच सोमवारी."

सोमवारी तुम्ही म्हणालात, दसऱ्याचा माल उतरतोय, नंतर बघू. मी हट्ट धरला नाही. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी गाळ्यावर बसल्या बसल्या तुमचा उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. बोलणं गेलं. शेवटचे पाच महिने तुम्ही माझ्याकडे नुसते बघायचात, आणि त्या बघण्यात राग आहे का हे मला कधी कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, गोळी चालू असती तर झालं नसतं असं सांगता येत नाही. बारा वर्षं मी ते वाक्य उशाला घेऊन झोपतेय.

आता माझीही गुठळी. कालची डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "गुठळी विरघळलीये. पण टोक अजून नीट हलत नाही, त्यामुळे गोळी इतक्यात थांबवायची नाही. पुन्हा बघू, मग ठरवू." मग तिनं विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

"वडिलांना," मी म्हणाले. "त्यांनी स्वतःच्या मनानं गोळी बंद केली होती."

तिनं ते माझ्या फायलीत लिहून घेतलं, आबा. मी खोडायला सांगितलं नाही.